शेजारच्या स्टुलावरून पाहिलेला राजपुत्र

मुंबईच्या पूर्व उपनगरात राहणाऱ्या ४४ वर्षांच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश येथे देत आहे.

१९९३ च्या सुमारास त्यांचे वडील फोर्टमधल्या एका लहान कचेरीत हिशेबनीस होते. शनिवारी कचेरी अर्धा दिवस असे. दुपारी बाकीचे लोक निघून गेले की वडील आठवड्याचे राहिलेले काम हातावेगळे करीत, आणि तेवढ्या वेळात त्या व त्यांचा तीन वर्षांनी मोठा दादा कचेरीतल्या एकुलत्या एका संगणकावर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा गेम खेळत. दादा कीबोर्डवर, त्या शेजारच्या स्टुलावर. मांडीवर वही असे आणि तिच्यात प्रत्येक लेव्हलचा नकाशा, कुठली फरशी निसटते, कुठल्या बाटलीत औषध आणि कुठल्या बाटलीत विष, याची नोंद. किती मिनिटे उरली हे सांगण्याचे कामही त्यांचेच. हा क्रम जवळजवळ दोन वर्षे चालला. शेवटाकडे राजपुत्राची स्वतःचीच सावली तलवार उपसून समोर येते आणि तिला मारावे तर आपलेच प्राण कमी होतात. तेथे तलवार म्यान करायची असते, हे दोघांपैकी कोणाला सुचले ते मात्र त्यांना आठवत नाही. पुढे २००४ मध्ये पहिल्या पगारांतून घेतलेल्या संगणकावर त्यांनी त्याच मालिकेतला ‘द सँड्स ऑफ टाइम’ एकटीने पूर्ण केला आणि त्यानंतरचे दोन भागही खेळले. मग लग्न, नोकरी, मुलगा, आणि मध्ये बरीच वर्षे.

२०२० मध्ये ‘द सँड्स ऑफ टाइम’चा रिमेक येणार, आणि तो पुणे व मुंबईतल्या स्टुडिओंत तयार होत आहे, हे कळल्यापासून त्या वाट पाहत होत्या. जानेवारी २०२६ मध्ये तो रद्द झाल्याचे जाहीर झाले. त्या हळहळीत त्यांनी याच मालिकेतला २०२४ चा ‘द लॉस्ट क्राउन’ विकत घेतला आणि दोन संध्याकाळी खेळून बाजूला ठेवला. मग लॅपटॉपवर पहिला जुना गेम सुरू केला, तर राजपुत्र बुटका दिसू लागला, बटण दाबल्यावर जरा उशिरानेच हलू लागला, आणि तेरा वर्षांच्या मुलाने विचारले, “आई, हा इतका हळू का वळतो?”

यंदा गणपतीला दादा मेलबर्नहून येणार आहे. वडील चार वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून भावाबहिणीचे बोलणे आईच्या औषधपाण्यापुरते उरले आहे. लॅमिंग्टन रोडवरून जुना काचेचा मॉनिटर आणि जुना संगणक मिळवून, कचेरीतल्यासारखी मांडणी करून दादाला चकित करावे, असा त्यांचा बेत आहे. त्यासाठी पंचवीस-तीस हजार रुपये बाजूला काढले आहेत. पण आपल्यालाच काही वाटले नाही तर दादाला काय वाटणार, ही भीतीही आहे. त्या विचारतात : गेम बिघडले की मी बदलले? आणि हा बेत करावा, की आठवणींना हात न लावता त्या आहेत तशाच राहू द्याव्यात?

नमस्कार.

तुमच्या दोन प्रश्नांकडे येण्याआधी मी बुटक्या राजपुत्रापासून सुरुवात करते, कारण त्याचे उत्तर निश्चित आहे आणि तुमच्या निराशेचा बराच भाग तेथे अडकलेला आहे.

तो गेम ३२० गुणिले २०० ठिपक्यांच्या चित्रात बसवलेला होता, आणि ते चित्र त्या काळच्या, रुंदी-उंचीचे प्रमाण चारास तीन असलेल्या काचेच्या मॉनिटरवर पडदाभर पसरत असे. त्यामुळे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा सुमारे एक पंचमांशाने उंच दिसे. आजचा लॅपटॉप तेच ठिपके चौरस दाखवतो किंवा सबंध चित्र आडवे ताणतो, आणि राजपुत्र खरोखरच ठेंगणा व रुंद होतो. म्हणजे तुमच्या डोळ्यांनी पकडलेली चूक ही चूकच आहे. तीस वर्षांपूर्वीचे ते प्रमाण तुमच्या नजरेने इतके नेमके जपून ठेवले होते, याचे मला कौतुक वाटते. जुन्या मॉनिटरवर ठिपक्यांच्या कडा किंचित एकमेकांत मिसळत, त्यामुळे पायऱ्यापायऱ्यांची रेघ गोलसर वाटे; आताच्या पडद्यावर तीच रेघ करवतीसारखी दिसते. बटणाच्या उशिराचेही कारण असेच साधे आहे. आजच्या अनेक पडद्यांत, विशेषतः मोठ्या टीव्हीत, चित्रावर काही प्रक्रिया होऊन मग ते दिसते, वायरलेस कीबोर्ड त्यात थोडी भर घालू शकतो, आणि कड्याच्या अगदी टोकावरून उडी घ्यावी लागणाऱ्या खेळात तो क्षणांशही हाताला कळतो. जुने गेम आजच्या संगणकावर चालवणाऱ्या डॉसबॉक्ससारख्या प्रोग्रॅममध्ये चित्राचे प्रमाण दुरुस्त करण्याची सोय असते, ती चालू करा. वायरचा कीबोर्ड जोडा. टीव्हीवर खेळणार असाल तर चित्रावरची ही प्रक्रिया कमी करणारा त्याचा गेम मोड लावा. एवढे केल्यावर तुमचा राजपुत्र पुन्हा सडपातळ होईल, आणि मग जी निराशा उरेल तिच्याविषयी बोलण्यात अर्थ आहे.

तुमच्या मुलाचे निरीक्षण मात्र यंत्राने सुटणारे नाही, कारण ते बरोबर आहे. हा राजपुत्र खरोखरच हळू वळतो. जॉर्डन मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पळायला आणि उड्या मारायला लावून त्याचे व्हिडिओ चित्रण केले होते आणि त्यावरून एकेक चित्र रेखाटून १९८९ मध्ये हा गेम ॲपल टू संगणकासाठी तयार केला. त्यामुळे या राजपुत्राला खऱ्या माणसासारखे वजन आहे : थांबायचे तर दोन पावले घसरतो, वळायचे तर अंग फिरवावे लागते, लांब उडी मारायची तर आधी धाव घ्यावी लागते. बटण दाबताक्षणी हवेत उसळणाऱ्या नायकांच्या त्या काळात हेच त्याचे नवल होते. जी सावली तुम्हाला अजून आठवते ती तर अडचणीतून जन्मलेली आहे. संगणकाच्या स्मृतीत आणखी एका पात्राच्या चित्रांना जागा उरली नव्हती, म्हणून मेकनर यांनी राजपुत्राचीच चित्रे गणिताने थोडी सरकवून त्यांतून दुसरा माणूस उभा केला. हे मुलाला सांगा, पण त्याचे मत बदलावे म्हणून सांगू नका. त्याला हा गेम संथ वाटणे आणि तुम्हाला अकराव्या वर्षी तो जिवंत वाटणे, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. गेम बिघडले की तुम्ही बदललात, असे तुम्ही विचारता, आणि त्यात एक तुलना गृहीत धरलेली आहे, जिच्याकडे मला तुमचे लक्ष वेधायचे आहे. ‘द लॉस्ट क्राउन’ला तुम्ही दोन संध्याकाळी दिल्या, म्हणजे फार तर पाच तास, जुन्या गेमला दोन वर्षांचे शनिवार दिले होते. पाच तासांच्या ओळखीची तुलना दोन वर्षांच्या सहवासाशी होत आहे, आणि तीही सहवासाच्या अखेरच्या टप्प्याशी, जेव्हा दादाच्या बोटांना प्रत्येक उडी पाठ झाली होती आणि तुमच्या वहीत प्रत्येक दालन उतरले होते. तुमच्या पत्रात राजपुत्र सहज काटे ओलांडतो, वर-खाली मिटणाऱ्या पात्यांतून अलगद जातो. पण ज्या वाटेवरून माणूस एकदाच चालतो तिचा नकाशा कोणी काढत नाही. वही भरली ती राजपुत्र शेकडो वेळा मेला म्हणून. त्या पहिल्या महिन्यांतले चिडणे, तेच ते दालन पुन्हा, वडिलांनी “आता आवरा” म्हटल्यावर अर्धवट सोडून व्ही.टी.कडे चालत निघणे, हे सारे आठवणीतून गळून पडले आहे. तुम्ही मुद्दाम गाळले असे मी म्हणत नाही. आठवणे म्हणजे साठवलेली वस्तू बाहेर काढणे नसून दर वेळी नव्याने बांधणे असते, हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच दाखवून दिले होते. शिवाय साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाला पुढे आयुष्यभर इतर काळापेक्षा अधिक दाट आठवतात, असेही संशोधक सांगतात. तुमचे दोन्ही राजपुत्र त्याच वर्षांतले आहेत. नव्या गेमने अशा प्रतिस्पर्ध्यापुढे पाच तासांत काय करावे?

“मूळ बाज हरवला” असे तुम्ही एके ठिकाणी लिहिले आहे. तो मूळ बाज कोणता, हे जरा शोधून पाहा. पहिल्या गेममध्ये काळ एकाच दिशेने धावत असे. राजकन्येपर्यंत पोहोचायला साठ मिनिटे, आणि स्पेसबार दाबला की किती उरली ते दिसे. २००३ च्या ‘द सँड्स ऑफ टाइम’ने याच गोष्टीला उलटे केले. तेथे खंजिराने काळ मागे फिरवता येतो आणि चुकलेली उडी पुन्हा घेता येते. त्याची कथा मेकनर यांनीच लिहिली असली तरी पहिल्या गेमवर जीव लावलेल्या एखाद्याने तेव्हा म्हटले असते की, घड्याळाची भीतीच गेली तर राजपुत्रात उरले काय? तुम्ही तसे म्हटले नाही, कारण तेव्हा तुम्ही बावीस वर्षांच्या होतात आणि संगणक तुमचा स्वतःचा होता. २००४ च्या ‘वॉरियर विदिन’ने राजपुत्राला रागीट आणि रक्तपाती केले, तेव्हा मालिकेचे अनेक चाहते नाराज झाले, त्यातला हिंसाचार आपल्याला रुचला नाही असे खुद्द मेकनर यांनीही जाहीरपणे सांगितले होते. आज तो भागही तुमच्या पत्रात सोन्याच्या दिवसांत जमा आहे. १९९९ चा त्रिमितीतला राजपुत्र तर बहुतेकांना आठवतही नाही. या मालिकेने दर काही वर्षांनी कात टाकली आहे, आणि ज्याला ज्या रूपात ती पहिल्यांदा भेटली ते रूप त्याला मूळ वाटते.

हे सारे तुम्ही कदाचित स्वतःही ओळखले असेल. पण तुमचे पत्र दुसऱ्यांदा वाचताना मला आणखी एक गोष्ट दिसली, आणि माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची आहे. कचेरीतल्या त्या दोन वर्षांविषयी तुम्ही दीड पान लिहिले आहे, आणि त्यात “मी खेळले” असे वाक्य एकदाही नाही. “आम्ही खेळत होतो” असे आहे, “दादाने उडी मारली” असे आहे, “मी सांगितले, मी लिहून ठेवले, मी मोजले” असे आहे. कीबोर्डवर तुमचे हात नव्हते. आणि तरीही तुम्ही तो गेम पूर्ण केला, यात मला शंका नाही. नकाशा तुमचा, वेळ तुमची, धोक्याची सूचना तुमची. ती दुय्यम भूमिका होती असे समजू नका. तिसऱ्या लेव्हलला पडलेला सांगाडा उठून उभा राहतो आणि नुसत्या तलवारीने मरत नाही, हे दादाला घाम फुटायच्या आधी सांगणारे माणूस शेजारी असणे, ही काही लहान गोष्ट नाही.

आता या दोन संध्याकाळी काय झाले ते पाहा. जेवणे उरकल्यावर तुम्ही हॉलमध्ये एकट्या बसलात, हातात कंट्रोलर घेतलात, आणि ज्या जागी बालपणी कधी बसला नव्हतात त्या जागेवर बसून बालपण परत यायची वाट पाहिलीत. ते येणार कसे? ‘द सँड्स ऑफ टाइम’ तुम्ही एकटीने खेळलात हे खरे. पण तो आनंद स्वतःच्या पैशाचा, स्वतःच्या खोलीचा, स्वतंत्र होण्याचा होता. या दोन निरनिराळ्या आठवणी आहेत. एकाच मालिकेचे नाव दोघींवर असल्यामुळे तुम्ही त्यांची एक गाठ बांधली आहे आणि प्रत्येक नव्या गेमने ती एका झटक्यात सोडवावी अशी अपेक्षा धरली आहे.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, ‘द लॉस्ट क्राउन’ विकून किंवा पुसून टाकण्याआधी तो कंट्रोलर एकदा मुलाच्या हाती द्या आणि तुम्ही वही घेऊन शेजारी बसा. हा गेम पुन्हा बाजूने पाहायच्या जुन्या पद्धतीकडे वळलेला आहे; त्याचा नायक सारगोन हा राजपुत्र नसून अपहरण झालेल्या राजपुत्राच्या शोधात निघालेला योद्धा आहे, हे आधी माहीत असले तर “माझा राजपुत्र कुठे?” हा धक्का बसत नाही. हा गेम मोठा, फाटे फुटणारा आणि पुन्हा पुन्हा मागे यायला लावणारा आहे. बंद दार आज दिसते आणि उघडण्याची युक्ती आणखी चार तासांनी मिळते. यात वाट लक्षात ठेवणारे माणूस लागते. गेमने त्यासाठी एक सोयही दिली आहे : जेथे अडलो तेथले चित्र टिपून नकाशावर त्याच जागी टाचून ठेवता येते. ते पाहिल्यावर तुमची वही मला आठवली. तेरा वर्षांच्या मुलाला आईने वही घेऊन शेजारी बसणे आवडेलच असे नाही. नको म्हणाला तर आग्रह धरू नका, आणि हो म्हणाला तर जुन्या गेमची थोरवी सांगण्याचे त्या वेळी टाळा. तो खेळत असलेला गेम हा त्याचा पहिला राजपुत्र असेल. तसेच, प्रामाणिकपणे वेळ देऊनही तुम्हाला तो आवडला नाही, तर बंद करा. मालिकेवर प्रेम आहे म्हणून तिचा प्रत्येक गेम आवडून घेण्याचे कर्तव्य कोणावर नसते.

रद्द झालेल्या रिमेकविषयी मला थोडे वेगळे बोलायचे आहे, कारण तुमचे ते दुःख मी खरे मानते. २०२० मध्ये पहिली झलक आली तेव्हा तिच्यातल्या चित्रांवर जगभरातून टीका झाली, प्रदर्शनाची तारीख पुढे गेली, मग ती देणेच थांबले, २०२२ मध्ये काम पुणे-मुंबईकडून काढून मॉन्ट्रियलला नेण्यात आले, आणि अखेर ते थांबवण्यात आले. आपल्या शहरातली माणसे आपल्या आवडत्या राजपुत्राला नव्याने घडवत आहेत, याचा तुम्हाला वाटलेला अभिमान योग्यच होता, आणि ज्यांची त्यात वर्षे गेली त्यांच्याविषयीही मला हळहळ वाटते. तरी पाच वर्षे तुम्ही त्या रिमेककडून काय मागत होतात, हे स्वतःला विचारा. एखादा गेम अधिक देखणा होऊ शकतो, त्याचे कंट्रोल्स सुधारू शकतात. २००४ मधली तुमची खोली आणि बाविसावे वर्ष त्याच्या डब्यात बसत नाही. न आलेल्या गेमला एक सोय असते, तो कधीच निराश करत नाही, आणि त्यामुळे आलेले सारे त्याच्यापुढे खुजे ठरतात. मूळ ‘द सँड्स ऑफ टाइम’ आजही संगणकासाठी अधिकृतपणे विकत मिळतो आणि जुन्या संगणकासाठी तुम्ही बाजूला काढलेल्या रकमेपेक्षा फारच थोड्या पैशांत मिळतो. तो एकदा संथपणे खेळा. कॅमेरा मध्येच भिंतीत शिरेल, लढाया लांबतील, आणि काही जागा आठवणीपेक्षाही सुंदर निघतील.

आता गणपतीतल्या बेताविषयी. जुना संगणक आणि काचेचा मॉनिटर आणू नका, असे माझे मत आहे.

याची काही कारणे अगदी व्यवहाराची आहेत. तो मॉनिटर जड असतो, मुंबईतल्या घरात एका टेबलाची जागा खातो, आणि बंद केल्यावरही त्याच्या आत धोकादायक विद्युतदाब शिल्लक राहू शकतो, त्यामुळे हौसेने उघडून दुरुस्त करण्याची ती वस्तू नव्हे. येथल्या दमट हवेत तीस वर्षे पडलेल्या फ्लॉपींना बहुधा बुरशी आलेली असते. मेकनर यांच्या वडिलांना २०१२ मध्ये घरात ठेवलेला जुन्या फ्लॉपींचा खोका सापडला आणि जाणकारांच्या मदतीने त्यांतून पहिल्या गेमचा मूळ कोड वाचता आला, ही गोष्ट खरी आहे, पण तसे भाग्य गृहीत धरून तीस हजार खर्च करू नयेत. गणपती चार दिवसांवर आलेले असताना वीजपुरवठ्याचा एक जुना भाग मिळवण्यासाठी तुम्ही लॅमिंग्टन रोडच्या गाळ्यागाळ्यांतून फिरत आहात, हे चित्र मला दिसते आणि ते मला नको वाटते.

परंतु ती यंत्रे उत्तम स्थितीत मिळाली तरीही माझे मत बदलणार नाही. चकित करण्याच्या बेतात समोरच्या माणसाने काय वाटून घ्यायचे हे आपण आधीच ठरवलेले असते. दादा दार उघडून आत येईल, सारे तयार असेल, आणि तुम्ही त्याच्या चेहऱ्याकडे पाहत उभ्या असाल. चार वर्षांत जे बोलणे झाले नाही ते त्या एका क्षणाने भरून काढायचे, एवढे ओझे त्या यंत्रावर आणि त्याच्या चेहऱ्यावर पडेल. आणि त्याची आठवण तुमच्यासारखीच असेल हे कशावरून? तो तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचा होता, म्हणजे दहावी समोर होती. वडिलांच्या कचेरीतले महागडे यंत्र आपल्या हातून बिघडले तर काय होईल, ही धास्ती कीबोर्डवर बसलेल्याला असते, स्टुलावर बसलेलीला नसते. आमच्या घरी टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला व्हिडिओ गेम होता, आणि मे महिन्याच्या सुटीत मी व माझी धाकटी बहीण तो पाळीपाळीने खेळत असू, असे मी कितीतरी वर्षे सांगत आले. गेल्या वर्षी ती मला म्हणाली की, तिची पाळी क्वचितच येई, आणि तिच्या मनात तो गेम म्हणजे माझ्या पाठीमागे उभे राहून वाट पाहणे एवढाच आहे. मला ते ऐकून फार वाईट वाटले. पण तिने सांगितले ते बरे झाले. त्यानंतर आम्ही त्या सुटीविषयी पहिल्यांदाच एकत्र बोललो.

तेव्हा दादाला चकित करण्याऐवजी त्याला आधीच विचारा. तो निघण्यापूर्वी, आईच्या गोळ्यांचे बोलून झाल्यावर फोन लगेच ठेवू नका. कचेरी आठवते का, त्या संगणकाचा आवाज आठवतो का, बाबा आपल्याला खेळू का देत असतील, असे काही विचारा. शेवटचा प्रश्न मी मुद्दाम सुचवत आहे. तुमच्या पत्रात वडील पाठमोरे बसून काम करताना दिसतात आणि तेवढेच दिसतात. पण शनिवारची ती मोकळी वेळ, ती जागा आणि ते यंत्र वापरू देण्याचा धोका, हे सारे त्यांनी पत्करले होते. त्यांच्याविषयी तुम्ही दोघे गेल्या चार वर्षांत किती बोललात, हे मला ठाऊक नाही. गेमच्या निमित्ताने ते बोलणे सुरू झाले तर गेम सुरू करण्याची गरज कदाचित पडणारही नाही. आणि दादाने विषय टाळला, तर त्यालाही मान द्या. दुसऱ्या कधीतरी निघेल.

तो उत्साहाने बोलला, तर मात्र एक लहानशी तयारी जरूर करा. लॅपटॉप, वायरचा कीबोर्ड, दुरुस्त केलेले चित्र, आणि स्वयंपाकघरातले एक स्टूल. गौरी-गणपतीच्या गर्दीत, पाहुण्यांच्या आणि आरत्यांच्या मध्ये हे करू नका. विसर्जन होऊन घर शांत झाले की दुसऱ्या दिवशी दुपारी एक तास ठेवा. तासाचीच मर्यादा घाला, कारण तेव्हाही तेवढाच मिळत असे. मुलगा, दादा आणि तुम्ही, कोण कीबोर्डवर बसेल ते त्या वेळी ठरू द्या. खेळ पहिल्या लेव्हललाच कंटाळवाणा झाला तर बंद करून चहा ठेवा. बाजूला काढलेल्या तीस हजारांतले उरलेले पैसे आई आणि दादा यांना घेऊन दोन दिवस कुठे जाऊन येण्यासाठी वापरता येतील, असे मला वाटते, पण ते तुमचे तुम्ही ठरवा.

अशाच अडचणीत असलेले आणखी वाचक मला लिहितात. कोणी मारिओकडे परतू पाहतो, कोणी रोड रॅशकडे, कोणी कॉलेजच्या होस्टेलमध्ये रात्रभर खेळलेल्या फुटबॉलच्या गेमकडे. त्यांना एवढेच सुचवेन की, नव्या भागासाठी पैसे भरण्याआधी एका कागदावर लिहून काढा की तुम्हाला नेमके काय परत हवे आहे : तो हाताचा वेग, ते संगीत, ती खोली, की ती माणसे. हात आणि संगीत गेमकडे मागता येते. बाकीचे गेमकडे मागू नका. प्रदर्शनापूर्वीच महागडी आवृत्ती नोंदवण्याची घाई करू नका, कारण त्या घाईत आपण बहुधा आठवणीचे पैसे भरत असतो. नव्या गेमला निदान तेवढे तास द्या, जेवढ्यांत जुना गेम तुम्हाला जमू लागला होता. आणि आपल्या मुलांना जुन्या गेमचे परीक्षक म्हणून बसवू नका. त्यांचे “बोअर आहे” हे खरे असले तरी तुमच्याविषयी त्यात काही म्हटलेले नसते.

तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेख राहून गेला आहे, ती वही आता कुठे आहे? आईकडच्या पोटमाळ्यावर, जुन्या प्रगतिपुस्तकांच्या पिशवीत, कुठे असेल तर शोधा. सापडली तर दादाला दाखवण्याआधी एकदा एकटीने चाळा आणि बाराव्या लेव्हलचे पान काढा. सावलीसमोर तलवार म्यान करायची, ही नोंद तुमच्या अक्षरात आहे की त्याच्या, ते तेथे कळेल. वही नाहीच सापडली, तर या रविवारी फोनवर त्याला विचारण्यासाठी तुमच्याजवळ एक प्रश्न आहे.